माझ्या उबेवर विश्वास ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुनी, विटकरी रंगाची, गरम पाण्याची रबरी पिशवी आहे आणि माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. अर्धी गोष्ट वाचून तुम्ही मोबाईल हातात घ्याल, अशी मला दाट शंका आहे. पण ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकाच. एका पोरीच्या जिवाची गोष्ट आहे आणि त्या दुपारी मी तिच्या पायाशी होते.

संशय माझ्या वाट्याला जन्मापासूनच आला. कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले, अंग अजून पुरतं निवलंही नव्हतं, तोच एका बाईने माझ्यात हवा भरली, मला पाण्यात बुडवलं आणि बुडबुडे येतात का ते डोळे बारीक करून पाहिलं. एकही आला नाही. तरी तिने मला पुन्हा बुडवलं. जगात आल्या आल्या अशी वागणूक मिळाली, तर स्वभाव दुसरा कसा होणार?

पुढे मी भाईंदरच्या एका दुकानात टांगले गेले. तिथून मला विकत घेतलं विमलाबाईंनी. त्या मूळच्या गुहागरकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या आणि मीरा रोडला पूनम सागर वसाहतीत राहू लागल्या. त्यांनी मला हातात घेतलं, ताणलं, हुंगलं आणि दुकानदाराकडे पाणी मागितलं.

"आंटी, लीकेज निकला तो वापस लाना," दुकानदार म्हणाला.

"वापस कायको लाने का? अभीच देखती मैं," असं म्हणून बाईंनी मला गळ्यापर्यंत भरलं आणि त्याच्याच काउंटरवर उलटं धरलं. एक थेंब पडला नाही. दुकानदाराचा जीव भांड्यात पडला आणि मला वाटलं, चला, आपल्या जातीचं माणूस भेटलं.

विमलाबाई म्हणजे संशयाची खाणच. दूध आलं की हुंगायच्या, मासळी घेतली की कल्ले उघडून बघायच्या, भाजीवाल्याच्या काट्याकडे वाकून पाहायच्या. समोरच्या फ्लॅटमधली लुईझा, मूळची उत्तनजवळच्या डोंगरी गावची, कायम दार उघडं ठेवायची. तर ती आपल्या घरातलं ऐकायलाच दार उघडं ठेवते, अशी बाईंची पक्की समजूत. बिचारीला वारा हवा असायचा, दुसरं काही नाही. बाईंचे यजमान, दत्ताराम आजोबा, हसून म्हणायचे, "आमच्या घरी देवालासुद्धा आधी ओळख दाखवावी लागते." आजोबांचे गुडघे मी कितीतरी वर्षं शेकले. ते गेले, तेव्हा मला गुंडाळायचा त्यांचा टॉवेलही बाईंनी जपून घडी घालून ठेवला. 

त्या काळात माझं कौतुकही फार झालं. मजल्यावर कुणाची पाठ धरली, कुणाच्या पोटात कळ आली, कुणाचे पाय दुखले, की मला बोलावणं यायचं. मी सगळ्यांचे पाय ओळखू लागले. दिवसभर उभं राहून दमलेले पाय ऊब मिळताच सैल होतात. थंडीने गारठलेले पाय आधी आखडतात, मग हळूहळू स्वतःच गरम होऊ लागतात. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग माझ्या झाकणातली रबरी चकती कडक झाली. बाईंचा मुलगा नीलेश मोठा हुशार! त्याने जुन्या ट्यूबची चकती कापून बसवली आणि म्हणाला, "चालतंय की!" त्या चकतीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. पण पिशवीला विचारतो कोण? पुढे त्याने विजेवर चालणारं शेकायचं पॅड आणलं आणि मी कपाटाच्या तळाशी, जुन्या रेनकोटखाली जाऊन पडले. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

मला पुन्हा बाहेर काढलं ते आरोहीसाठी. आरोही म्हणजे नीलेश आणि मनालीची लेक, बाईंची एकुलती नात. सीनियर केजीत जाणारी, अखंड बडबड करणारी. समोरच्या लुईझाच्या टायगर नावाच्या कुत्र्याला ती दारातून रोज शाळेतला धडा शिकवायची. तो शेपटी हलवायचा आणि ती त्याला पास करायची.

आरोहीला तापाने धरलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. मला हे नंतर कळलं, कारण घरात त्यावरून भरपूर वाद झाला. डॉक्टरांनी मनालीला बजावलं होतं, "ताप उतरला म्हणजे सुटलो, असं समजू नका. खरी काळजी तेव्हाच घ्यायची. पोटात जोरात दुखलं, सारखी उलटी झाली, हातपाय गार पडले, पोरगी मलूल झाली, सहा-सहा तास शू झाली नाही, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि ताप उतरल्या दिवशी मला दाखवायला आणायचंच." त्यांनी आरोहीच्या पायाचा अंगठा दाबूनही दाखवला होता. दाबला की पांढरा पडतो, सोडला की 'एक, दोन' म्हणेपर्यंत पुन्हा गुलाबी व्हायला हवा.

विमलाबाईंना हे सगळं संशयास्पद वाटलं. "ताप असताना म्हणतो घरी ठेवा आणि ताप गेल्यावर म्हणतो आणा! असं कधी ऐकलंयस? हॉस्पिटलवाल्यांशी संधान असणार मेल्याचं. आणि अंगठा दाबून काय कळतं, जादूचे प्रयोग नुसते."

पाहिलंत? संशय घेणं वाईट नाही हो. पण तो चुकीच्या माणसावर घेतला, की घात होतो.

त्या दिवशी सकाळी ताप उतरला. बाईंनी थर्मामीटर दोनदा लावून बघितला, आरोहीची दृष्ट काढली, देवापुढे साखर ठेवली. नीलेश निश्चिंत मनाने कामाला गेला. दुपारी मनाली म्हणाली, "आई, आज दाखवायला सांगितलंय ना?"

"ताप नाही, काही नाही, कशाला उन्हातून नेतेस? दमलीय पोर. बघ कशी शांत निजलीय!"

आरोही शांत निजली होती हे खरं. पोटात दुखतं म्हणाली होती, म्हणून पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून पडली होती. पाय गार लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "ताप उतरला की पाय गार पडायचेच." मोजे घातले, गोधडी घातली. पोराच्या अंगाजवळ करंट नको म्हणून विजेचं पॅड बाजूला सारलं आणि मला काढलं. मी हरखले. इतक्या वर्षांनी काम मिळालं! मला कोमट पाण्याने भरलं, आजोबांच्या टॉवेलात गुंडाळलं आणि आरोहीच्या तळव्यांशी लावलं.

आणि मी चरकले.

हे पाय दमलेले नव्हते, थंडीने गारठलेलेही नव्हते. मी ऊब देत होते, ती वरच्या वर राहत होती. आतून काही उत्तरच येत नव्हतं. घरात नुसतं उकडत होतं, पंखा फिरत होता, कुणालाही थंडी वाजत नव्हती. मग या एकट्या पोरीचे पाय बर्फ का? तिचं पोट माझ्या कडेला टेकलं होतं, ते चांगलं ऊन होतं. पोट ऊन आणि पाय गार! मला हे अजिबात आवडलं नाही. मी मनातल्या मनात ओरडले, 'बाई, तुमचा तो संशय कुठे गेला आज?' पण त्या नामस्मरण करत बसल्या होत्या. त्यांना आज विश्वास ठेवायचा होता.

थोड्या वेळाने मनालीने गोधडीत हात घातला. माझ्यामुळे तळवे गरम झाले होते. "गरम आहेत पाय," ती सुटकेच्या आवाजात म्हणाली. मग तिच्या हाताला ओल लागली. "आई, शू केली हिने! गादी ओली आहे!"

"बघ! सांगत नव्हते?" बाईंनी हात जोडले.

अरे देवा! मित्रांनो, ती शू नव्हती. नीलेशच्या त्या 'चालतंय की' चकतीतून मी झिरपत होते. आरोही मुटकुळं करून निजल्यामुळे माझं पाणी तिच्या अंगाखाली गेलं होतं. पायांची ऊब माझी, गादीची ओल माझी. पोरीचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं.

तेवढ्यात मनालीने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी पलीकडून विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "हो डॉक्टर, शू झालीय आत्ताच. पाय? पाय गरम आहेत. झोपलीय... बरं, संध्याकाळी ओपीडीत आणते." ती प्रामाणिकपणे बोलत होती. पण डॉक्टरांपर्यंत पोचली ती माझी खबर, आरोहीची नव्हे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत ही पोर टिकेल का, याचीच मला शंका होती.

ओली चादर बदलायला विमलाबाई उठल्या. त्यांनी आरोहीला कुशीवर वळवलं, चादर ओढून काढली आणि सवयीने, जसं दूध हुंगतात तशी, नाकाशी नेली.

आणि थांबल्या.

पुन्हा हुंगली. "मनाली, या चादरीला शूचा वास नाही येत गो."

"लहान मुलांच्या शूला कुठे एवढा वास येतो, आई? पाणी भरपूर पाजतोय."

"वास रबराचा येतोय." त्यांनी आरोहीचा फ्रॉक चाचपला. फ्रॉकची कड ओली. चड्डी चाचपली. ती कोरडी ठणठणीत. "शू केली तर चड्डी कोरडी कशी?"

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. आयुष्यात मला कुणाच्या संशयाचा इतका आनंद झाला नव्हता! त्यांनी मला उचललं, दाबलं. माझ्या गळ्यातून थेंब गळला. त्यांचा चेहरा उतरला.

"ही मेली पिशवी गळतेय! मनाली, पोरीने सकाळपासून शू केलेलीच नाही!" आणि लगेच, "मग पाय कसले गरम? ते पण हिनेच केले असतील!"

त्यांनी मोजे ओढून काढले. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावलं. मला अजिबात राग आला नाही. आरोहीची पावलं हातात धरून त्या बसल्या आणि माझी उसनी ऊब त्यांच्या हातातच उतरत गेली. त्यांनी हात वर सरकवला. घोटा गार, पोटरी गार, गुडघ्यापर्यंत लादीसारखं गार. पोटरीवर निळसर जाळी उमटली होती.

"तो अंगठा दाब. डॉक्टरने दाखवलं होतं तसा," बाई म्हणाल्या. 

मनालीने दाबला, सोडला. एक. दोन. तीन. चार. अंगठा पांढराच. मनाली रडायला लागली.

आरडाओरडा ऐकून लुईझा दारात आली. मागून टायगरही आला. "आरू, ए आरू, बघ कोण आलाय!" मनालीने हाक मारली. आरोहीने डोळे किलकिले केले, टायगरकडे पाहिलं आणि मिटून घेतले. हूं नाही की चूं नाही.

"पोरगी कुत्र्याला पण बोलत न्हाय?" लुईझा घाबरली. "ही झोप न्हाय हाय, विमलाबाय. चला, उचला तिला. मी रिक्षा थांबवतंय."

मी नंतर ऐकलं, गेटपाशी शेअर रिक्षा भरून उभी होती. लुईझाने आत बसलेल्यांना अक्षरशः खाली उतरवलं. "उतरो, उतरो, बच्ची सीरियस हाय!" कुणी कुरकुर केली नाही. मनालीने आरोहीला मांडीवर घेतलं. आणि विमलाबाई धावत वर आल्या, मला कोपऱ्यातून उचललं आणि काखोटीला मारलं. मला वाटलं, जाताजाता कचऱ्यात टाकतील. पण नाही, त्यांनी मला बरोबर नेलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मुलांच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी आरोहीच्या पायाला हात लावायच्या आत विमलाबाईंनी मला त्यांच्यासमोर धरलं. "डॉक्टर, तळपाय गरम लागले तर विश्वास ठेवू नका. ही पिशवी होती तिथे. आणि फोनवर शू झाली म्हणून सांगितलं, ती पण हीच. पोरीने सकाळपासून केलेली नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "आजी, हे सांगितलंत ते फार बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्यांनी छातीवर अंगठा दाबून सोडला आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. पावलावरची नाडी शोधली, ती सापडता सापडेना. जांघेतली सापडली, पण पळत होती. आरोहीला नाव विचारलं. ती पुटपुटली. नर्सने बीपी घेतलं. तेवढ्यात धापा टाकत नीलेश पोचला आणि यंत्रावरचा आकडा बघून म्हणाला, "बीपी तर बरं दिसतंय ना डॉक्टर?"

"त्यानेच फसायला होतं," डॉक्टरीणबाई सुई लावता लावता म्हणाल्या. "तुमच्या सोसायटीत टाकीतलं पाणी कमी झालं की आधी काय बंद करतात?"

"बागेचं. गाड्या धुवायचं."

"शरीर पण तेच करतं. मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडू नये म्हणून हातापायांचं बंद करतं. म्हणून ते गार. मुलांचं शरीर असं बराच वेळ रेटतं, तोवर बीपी ठीक दिसतं. ते पडलं म्हणजे फार उशीर झाला. याला आम्ही शॉक म्हणतो, विजेचा नव्हे. आणि हिच्या बीपीचे वरचा-खालचा असे दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ यायला लागलेत. ते चांगलं लक्षण नाही."

"पण रक्त गेलं कुठे? जखम नाही, काही नाही," नीलेशला पटेना.

डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या काखेतल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "डेंग्यूत रक्तवाहिन्या अशा झिरपतात. वरून पिशवी धड दिसते, आतलं पाणी बाहेर जात असतं."

नीलेशने माझ्या झाकणाकडे पाहिलं, ती चकती ओळखली आणि मान खाली घातली. 

सलाईन सुरू झालं. डॉक्टरीणबाई थोडं देत होत्या आणि पुन्हा पाय चाचपत होत्या. पुन्हा अंगठा, पुन्हा नाडी, पुन्हा बीपी. एकदा बघून त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी खुर्चीवर पडून सगळं बघत होते आणि मला कारखान्यातली ती बाई आठवली, जिने मला दोनदा बुडवलं होतं. तेव्हा तिचा राग आला होता. आता वाटलं, तिचं बरोबर होतं.

विमलाबाई आरोहीचा उघडा पाय धरून बसल्या होत्या. त्यावर पांघरूण घालू देत नव्हत्या. "मला कळू दे, ऊब हिची हिला येते का," एवढंच म्हणत होत्या. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "मी नको म्हटलं होतं न्यायला," असं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मनालीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आधी अंगठा लवकर गुलाबी व्हायला लागला. मग घोटा कोमट झाला. आणि मग, उन्हं कलताना, खोल गेलेल्या आवाजात आरोही म्हणाली, "आजी, शू."

मनाली हसता हसता रडली. नीलेश नर्सला हाका मारत धावला. नर्सने भांडं आणलं, आरोहीने शू केली आणि नर्स ते मोजायला नेणार, तोच विमलाबाईंनी तिला अडवलं, वाकून भांडं हुंगलं आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "खरी आहे."

मित्रांनो, पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी आरोहीला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं आणि मग ती घरी आली. टायगरची परीक्षा राहिली होती, तीही घेतली. समोरच्या दाराकडे विमलाबाई आता वाकड्या नजरेने बघत नाहीत. उलट लुईझाचं दार बंद दिसलं, तर "काय गो, बरी आहेस ना?" म्हणून बेल वाजवतात.

मी? मला फेकलं नाही. दाराआड खिळ्याला टांगलेली आहे, रिकामी, त्याच चकतीसकट. नीलेश नवीन चकती आणायला निघाला होता, बाईंनीच आणू दिली नाही. माझं काम आता शेकायचं नाही, त्या दुपारची आठवण करून द्यायचं. परवाच मजल्यावरच्या एका आईने बाळासाठी मला मागितलं. ताप उतरलाय म्हणाली, पण पाय गार आहेत. बाई म्हणाल्या, "पिशवी मिळणार नाही. आधी बाळाचे पाय मला दाखव. शेवटची शू कधी केली? आणि हाक मारल्यावर बघतंय का तुझ्याकडे?"

तेव्हा माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. म्हणजे मला हात नाहीत, पण समजून घ्या. घरात आजारी मूल अचानक शांत झालं, तर त्या शांततेवर संशय घ्या. गार पाय झाकण्याआधी ते गार का आहेत ते विचारा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा. थर्मामीटरवर, बीपीच्या आकड्यावर, ओल्या चादरीवर डोळे मिटून विसंबू नका. आणि माझ्यावर तर मुळीच नको. पोरीचे पाय मी गरम केले होते, आणि त्याच वेळी ती आमच्या हातातून निसटत चालली होती.